मला बंद करणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी चक्की आहे. पिठाची नव्हे, मिरचीची. पिठाच्या चक्कीपुढे कोणीही येऊन गप्पा मारत उभं राहतं. माझ्यापुढे यायचं तर नाकाला पदर बांधूनच यावं लागतं. एवढा माझा मान आहे आणि तो मी कोणाकडे मागायला गेले नव्हते.

माझ्या पोटात दगड, अंगाला लोखंड आणि बाजूला मोटरीचा पट्टा. कोणत्या कारखान्यात मला ओतलं ते आता आठवत नाही. नंदुरबारच्या स्टेशनात उतरले आणि रिक्षात आडवी पडून रनाळे गावाला आले, ते मात्र पक्कं ध्यानात आहे. आडवी! मला! मालकाच्या घराशेजारच्या खोलीत उभी केली तेव्हा त्याने, दोधू पाटलाने, नारळ फोडला. पण पहिली मूठ माझ्या तोंडात टाकली ती शोभाबाईने, दोधूच्या बायकोने. त्या दिवसापासून सगळे मला 'शोभाबाईची चक्की'च म्हणतात. दोधूने शेती पाहायची, मला तिने पाहायचं, असं ठरूनच गेलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी माझ्या दारात बायकांची रांग लागायची. शेजारच्या कोरीट गावाहूनही यायच्या. शोभाबाई मिरचीला तेलाचा हात लावायची, दळलेली चिमूट बोटांत चोळायची आणि सांगायची, "अजून जाडी शे, परत टाक." कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "मंग तुन्हा घरना पाटा काय फुटी गया?" बाई बोलायला माझ्याइतकीच तिखट होती. आमचं चांगलं जमायचं.

मग ती दुपार आली. पट्टा नवा चढवायचा होता, म्हणून दोधूने त्यावरची जाळी काढून खिळ्याला अडकवली आणि जेवून लावू म्हणाला. जेवण झालं, जाळी खिळ्यालाच राहिली. शोभाबाई वाकली आणि पदराचं टोक पट्ट्यात गेलं. पट्ट्याला पदर आणि पोतं यांतलं काही कळत नाही, मित्रांनो. तिची मान ओढली गेली. दोधू ओसरीवर होता; त्याने झेप घेतली आणि तिथल्या भिंतीवरचं मोठं बटण खाली पाडलं. मी थांबले, म्हणून बाई जगली. मानेवर वळ मात्र राहिला.

त्या एका क्षणात दोघं दोन गोष्टी शिकले. शोभाबाई शिकली की चक्कीचा आवाज म्हणजे मरण. दोधू शिकला की बटणावर आपला हात असला तर बायको जगते. दोघांनाही हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि पुसून टाकता येत नव्हतं.

जखम भरली तरी माझा घरघराट ऐकला की शोभाबाईचा श्वास अडके. ती मागच्या गल्लीने जाऊ लागली, आणि मला दोधू चालवू लागला. गावानेही काळजी घेतली. ती ओट्यावर दिसली की दळणाला आलेल्या बायकाच ओरडत, "बंद कर, काकू ई ऱ्हायनी!" दोधू मला लगेच बंद करी. सगळे म्हणत, किती जीव लावतो. मलाही तसंच वाटे. पण मी जितक्या वेळा गप्प झाले, तितकी ती जास्त घाबरली. पुढे शेतावरची पाण्याची मोटरही तिला चालेना. घरचा मिक्सरही फळीवर चढला.

शेवटी दोधूने माझ्यावर बारदान टाकलं. दळण दुसरीकडे जाऊ लागलं. एके दिवशी भंगारवाला येऊन माझ्या अंगावर बोटं वाजवून गेला. कोणाची परवानगी घेतली होती त्याने? दोधू बायकोला म्हणाला, "आखाजीलोंग पाहू. तुले जमनं नही ते देई टाकू. तुन्हा जिवापेक्षा चक्की मोठी शे का?" एरवी कोणाचं उधार न ठेवणारी शोभाबाईची जीभ त्या दिवशी गप्प राहिली. ते मला भंगारवाल्याच्या बोटांपेक्षा जास्त लागलं.

त्याच दिवसांत रुचिका येऊ लागली. ही नंदुरबारची मुलगी, पीएचडी करणारी. अपघातानंतर माणूस भीती कशी शिकतो आणि त्याच भीतीसमोर उभा राहून नवं काही कसं शिकतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. शोभाबाईची मान बरी केली त्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली ती काम करायची; त्यांनीच तिला पाठवलं. शोभाबाईने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "भीतीना बी अभ्यास ऱ्हास का? मंग मी कधीच पास व्हयनू!"

रुचिका हसली. मग म्हणाली, "मावशी, भीती पुसता येत नाही. तिच्या शेजारी दुसरी गोष्ट शिकून ठेवता येते. पण त्यासाठी चक्की चालू हवी आणि तुम्ही तिथे हव्यात."

आधी तिने दोधूकडून जाळी नीट बसवून घेतली. मला ही मुलगी तेव्हाच आवडली. धोका खरा असेल तर तो आधी काढायचा, उरलेल्या भीतीशी मग बोलायचं. त्यानंतर शोभाबाई बंद चक्कीजवळ बसायला शिकली. मग दूर ओट्यावरून माझा आवाज ऐकायला. मग दारात उभं राहायला. दर वेळी रुचिका आधी विचारायची, "काय होईल असं वाटतं?" शोभाबाई म्हणायची, "ती माले वढी लेई. नरडं आवळाई जाई." आणि मग दोघी थांबायच्या. छाती धडधडायची, घाम फुटायचा, पण पळायचं नाही. नंतर रुचिका पुन्हा विचारायची, "काय झालं?" "काही नही व्हयनं," असं शोभाबाई चिडूनच म्हणायची, जणू मीच तिची फसवणूक केली.

आणि एक दिवस ती पदर खोचून माझ्या अगदी समोर उभी राहिली. मी चालू होते. तिने माझ्या अंगावर हात ठेवला. रुचिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. शोभाबाईला तहान लागली, म्हणून तिने ओसरीवर जाऊन पाण्याचा तांब्या उचलला, आणि ती तिथेच थांबली.

दोधू भिंतीला चिकटून उभा होता. हात मोठ्या बटणावर.

"तुम्हना हात कोठे शे?"

"आठेच... सहज."

"रोज आठेच ऱ्हास का?"

दोधूने मान खाली घातली. "तुले काही व्हयनं ते?"

"माले धाकली पोर समजतस का? मी तठे मरी मरी उभी ऱ्हायनू, आणि तुम्ही आठे बटण धरीसन!" तिने हातातला तांब्या आपटला. पाणी सगळ्या ओसरीभर झालं.

रुचिका आली आणि तिच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मावशी, इतक्या दिवसांत एवढंच दिसलं, की काकांचा हात बटणावर असला तर चक्की काही करत नाही. चूक माझी आहे. मी ओसरी पाहिलीच नाही." मग ती दोधूकडे वळली. "काका, तुम्हीही त्याच दिवशी घाबरलात. तुम्हाला कोणी विचारलंच नाही."

दोधू तिथेच खाली बसला. शोभाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचा राग उतरला नाही, पण आवाज उतरला. "उठा. नंदुरबारले जा. मिरची लई या. आखाजी उनी."

"आणि तू?"

"मी मन्ही चक्की चालाडसू."

दोधू गेला. जाताना मागे वळून पाहत होता. रुचिका दाराबाहेर कडुनिंबाखाली बसली. आत आम्ही दोघीच. शोभाबाईने जाळी हलवून पाहिली, पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने माझ्याशेजारचं बटण वर केलं. मी सुरू झाले. तिचा चेहरा पांढरा पडला. हात बटणाकडे गेला. मित्रांनो, मला लोखंडाला काय वाटायचं, पण मला वाटलं, आता ही मला थांबवणार. हात तिथेच अडून राहिला. मग खाली आला, आणि सुपातल्या घरच्या मिरच्यांची मूठ माझ्या तोंडात पडली.

तिखट उडालं. ती शिंकली. मग दुसरी मूठ.

दोधू पोतं घेऊन परतला, तेव्हा माझा आवाज त्याने गल्लीच्या तोंडाशीच ऐकला असणार. धापा टाकत दारात आला. शोभाबाईने वळूनही पाहिलं नाही. "हात मांगे ठेवा," ती म्हणाली. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तसाच उभा राहिला, शिंकत.

मित्रांनो, आमच्यावरची जाळी कधी खिळ्याला टांगू नका. जेवण थांबलं तरी चालेल. आणि घाबरलेल्या माणसासाठी जग गप्प करू नका. त्याच्यासोबत आवाजात थोडं उभे राहा. शोभाबाईची भीती गेलेली नाही. लाईट जाऊन आली की मी दचका देऊन सुरू होते, आणि तिचा हात आजही मानेवर जातो. ती थांबते, श्वास घेते, आणि म्हणते, "चाल, बाई."

त्या दिवशी सूप रिकामं झालं. तिने चिमूट चोळून पाहिली, मान हलवली आणि बटण खाली पाडलं. किती दिवसांनी मला कोणीतरी बंद केलं होतं, काम संपलं म्हणून.