तांबडमाळावर गेलेल्या गाड्या

हर्षद जाधव क्लबात आला तेव्हापासून वैशालीला तो खटकत होता. बोलायला नरम, वागायला सरळ, आपली जुनी जीप आपल्या हाताने दुरुस्त करणारा. नावं ठेवायला जागा नव्हती, आणि तेच तिला बरं वाटत नव्हतं. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला आहे, एवढं तो सांगायचा. घरी कोण, मूळ गाव कुठलं, असं कुणी विचारलं की हसून गाड्यांवर यायचा. फोन वाजला की लांब जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून बोलायचा.

वैशालीचं पेणच्या रामवाडीत ड्रायव्हिंग स्कूल. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसायचं आणि याचा पाय आता भलतीकडे पडणार हे त्याच्या आधी ओळखायचं, हाच तिचा धंदा. माणसंही आपल्याला तशीच ओळखता येतात असं तिला वाटायचं.

क्लब कमळाकरकाकांचा. हायवेला त्यांचं गॅरेज होतं, घरचे ट्रकही होते, ते सगळं आता मुलगा बघायचा आणि काका जुन्या गाड्यांच्या नादात असायचे. वैशालीचे वडील गेले तेव्हा त्यांची फियाट भंगारात जायची होती. काकांनी ती उभी केली, आणि वैशालीला त्याच गाडीवर शिकवून तिलाही उभं केलं. क्लबात फियाट, अँबॅसेडर, जीप, एखाददुसरी स्टँडर्ड अशा गाड्या. महिन्यातून एखाद्या रविवारी सगळ्यांनी रांगेने निघायचं, कुठेतरी जेवायचं आणि संध्याकाळी परतायचं, एवढाच कार्यक्रम.

जानेवारीची सहल रोह्याच्या वर तांबडमाळावर न्यायची, ही कल्पना काकांची. तिथे एके काळी बॉक्साइटची खाण होती. कामगारांची वसाहत, कँटीन, पाण्याची टाकी, वजनकाटा, सगळं होतं. खाण बंद पडली आणि माणसं उठून गेली. आता नुसत्या भिंती उभ्या होत्या. जवळ एक कातकरीवाडी होती. खाण पुन्हा सुरू करायचं चाललंय अशी दोन वर्षं बोलवा होती, आणि वाडीची माणसं परक्या गाडीला वर येऊ देत नव्हती. सर्व्हे करायला आलेल्यांना त्यांनी दोनदा परतवून लावलं होतं.

"मग आपल्याला कसं सोडतील?" वैशालीने विचारलं होतं.

काकांनी हर्षदकडे पाहिलं. हर्षद म्हणाला, वाडीत ओळख आहे, मी बोलून ठेवीन. कसली ओळख, असं तिने विचारल्यावर "आहे" म्हणाला आणि खाली बघायला लागला. कंपनीतला माणूस, आणि जिथे कुणाला पाऊल टाकू देत नाहीत तिथे याची ओळख. वैशालीने मनाशी गाठ मारून ठेवली, की या पोरावर लक्ष ठेवायचं.

रविवारी सकाळी रामवाडीतून गाड्या निघाल्या. काकांबरोबर पुण्याचा एक पाहुणा आला होता, नितेश नावाचा. जुन्या गाड्यांचा शौकीन, ड्रोन उडवतो, वरून आपल्या रांगेचे फोटो काढील, असं काकांनी सांगितलं. त्याला फियाटमध्ये बसायची हौस होती म्हणून तो वैशालीकडे आला. त्याची लांबडी पिशवी काकांनी स्वतः तिच्या डिकीत ठेवली.

नितेश चांगला बोलका निघाला. गिअर स्टिअरिंगपाशी कसा, सीट एकच सलग कशी, याचं कौतुक करत राहिला. वैशालीचं अर्धं लक्ष पुढच्या जिपेवर होतं. नागोठणं मागे टाकलं, भिसे खिंड उतरून अष्टमीत आले, पूल ओलांडून रोह्यात चहा झाला. चहाच्या वेळी हर्षद पुन्हा फोन घेऊन नदीकडे गेला. वैशाली काकांना हळूच म्हणाली, "हा पोरगा मला सरळ दिसत नाही. कंपनीचा माणूस असेल."

काकांनी कप खाली ठेवला. "असेलही," ते म्हणाले. "तू नजर ठेव त्याच्यावर."

काकांनाही तसंच वाटतं म्हटल्यावर तिला हुरूप आला.

रोह्याच्या पुढे डांबर संपलं आणि लाल धुळीचा घाट लागला. मधे रस्त्याला दोन फाटे फुटत होते, पाटी कसली नव्हती, तरी हर्षदची जीप क्षणभरही न थांबता डावीकडे वळली. मी इथे पहिल्यांदाच येतोय, असं तो सकाळी सगळ्यांना म्हणाला होता. वैशालीने स्टिअरिंग घट्ट धरलं.

वाडीपाशी बायामाणसं रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती. कुणी हसलं नाही, कुणी हात केला नाही. गाड्यांच्या काचांतून ती एकेक चेहरा निरखून पाहत होती. पुढे एक म्हातारी होती, कपाळावर गोंदण, काटक अंगाची. हर्षदने जीप थांबवून तिच्याशी दोन शब्द बोलून घेतले. मग म्हातारी बाजूला झाली आणि तिच्या मागोमाग बाकीची.

माळ मोठा होता. क्वार्टर्सच्या रांगा, छपरं उडालेली, दारांतून करवंदीच्या जाळ्या वाढलेल्या. पलीकडे खाणीचे खड्डे, कापलेल्या डोंगराचा लाल उभा काप. गाड्या ओळीने लावल्या, नितेशने ड्रोन वर सोडला. तो गाड्यांवरून एकदा फिरला आणि खड्ड्यांकडे गेला. कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. वैशालीनेही दिलं नाही, कारण हर्षद गर्दीतून निसटून क्वार्टर्सच्या मागच्या रांगेकडे निघाला होता.

ती त्याच्या मागे गेली. भिंतीआडून पाहते तर तो एका खोलीच्या दारात उकिडवा बसलेला. मोबाइलने आतल्या भिंतींचे फोटो काढले, उंबऱ्यापाशी हाताने खरवडलं आणि मूठभर लाल माती एका डब्यात भरली.

वैशालीला दुसरं काही विचारायची गरजच वाटली नाही. तिने हाका मारून सगळ्यांना बोलावलं. क्लबातली माणसं जेवणाचे डबे टाकून धावत आली, काकाही आले. हर्षद डबा हातात घेऊन उभा राहिला.

"मातीचे नमुने घेतोयस," वैशाली म्हणाली. "आमच्या आडून कंपनीचं काम करतोयस. या माणसांना फसवून आम्हाला वर आणलंस."

हर्षदने तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. आता काहीतरी थाप मारणार, अशी ती वाट बघत राहिली.

"ही माझ्या आईची खोली," तो शेवटी म्हणाला. "पुतळी नाव तिचं. ह्या खाणीत पाट्या उचलायची. खाली जी उभी होती ना, आवडी, ती माझी मावशी. मी ह्या वाडीतला हाय."

आईला आता उठवत नाही, तिने खोली कशी राहिलीय ते बघून ये म्हणून सांगितलं होतं, आणि उंबऱ्याची थोडी माती मागितली होती. पोरगा शिकला, कंपनीत लागला, नागोठण्यात भाड्याने राहिला. जाधव म्हटल्यावर लोकांनी आपापल्या मनाने काय ते ठरवलं, आणि त्याने ते कधी खोडलं नाही. एकदा वाडीचं नाव सांगितल्यावर त्याला भाड्याची खोली नाकारली होती. त्यानंतर त्याने सांगणंच सोडलं, घरचा फोनही लांब जाऊन घ्यायला लागला. हे त्याने फार थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तरीच." कोण ते वैशालीला दिसलं नाही, पण हर्षदला ऐकू गेलं हे दिसलं.

काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, झालं गेलं सोडा, जेवून घेऊ म्हणाले. जेवण कुणाला गोड लागलं नाही. नितेश जेवायला उशिरा आला. बूट घोट्यापर्यंत लाल झाले होते आणि त्याची पिशवी त्याने आधीच डिकीत टाकली होती. वैशालीने ते पाहिलं, पण तिचं डोकं जागेवर नव्हतं. आपण त्या पोराला सगळ्यांसमोर उघडं केलं, एवढंच तिला दिसत होतं.

उन्हं कलायला लागली तशा गाड्या निघाल्या. वाडीपाशी आल्या तर रस्त्यावर दगड मांडलेले. बायका पुढे, पुरुष मागे. हर्षद जिपेतून उतरला तशी आवडी त्याच्यावर धावून गेली.

"तुझ्या शबुदावर सोडल्या गाड्या," ती म्हणाली. "आन तुझा माणूस खड्ड्यात गिरमिट लावून माती उपसतो व्हय? पोरींनी बघितलाय त्याला."

हर्षद म्हणत होता, मावशे, मला काय ठावं नाय. ती ऐकायला तयार नव्हती. मागचे दोन पुरुष पुढे आले. आणि वैशालीला, आपल्या गाडीत बसल्या बसल्या, शेजारी बसलेल्या नितेशचे ते लाल बूट दिसले.

ती उतरली आणि डिकीकडे निघाली. तेवढ्यात काका आपल्या अँबॅसेडरमधून लगबगीने तिच्यापाशी आले. तिच्या हातावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "वैशू, डिकी उघडू नकोस. हर्षद त्यांचाच आहे, त्याचं तो बघून घेईल. आपण पेणला बोलू."

पिशवीत काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. तिने नितेशकडे पाहिलं, तर तो काकांकडे बघत होता. सकाळी पिशवी काकांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिली नव्हती. तू नजर ठेव त्याच्यावर, असं चहा पिताना म्हणाले होते. ती दिवसभर हर्षदवर नजर ठेवून होती, आणि सगळ्यांना हाका मारून खड्ड्यांपासून दूर तिनेच नेलं होतं. सांगून ठेवल्यासारखं.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"वाईट काय आहे त्यात?" काका म्हणाले. "नुसती तपासणी आहे. खाण चालू झाली तर इथल्याच पोरांना काम लागेल. आमच्या घरचेही ट्रक लागतील, खोटं कशाला बोलू."

"आणि हर्षद?"

"त्याच्याशिवाय कुणी वर सोडलं नसतं," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

म्हणजे हर्षद कुठला हे त्यांना आधीपासून माहीत होतं. तिने हात सोडवून घेतला आणि डिकी उघडली. पिशवीत गिरमिटाच्या लोखंडी कांड्या होत्या, आणि खाली प्लास्टिकच्या पुड्या, प्रत्येकीत माती, प्रत्येकीवर आकडा. ती पिशवी तिने ओढत आवडीच्या पायांशी नेली.

"हे माझ्या गाडीतून निघालं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हर्षदला यातलं काही माहीत नव्हतं. ज्यांनी आणलं ते दोघं इथेच आहेत."

बायकांनी पुड्या फोडून माती तिथेच रस्त्यावर ओतली. कांड्या पुरुषांनी ठेवून घेतल्या. ड्रोनमधलं कार्ड नितेशने मुकाट्याने काढून दिलं, आवडीने ते दगडावर ठेवून ठेचलं. कुणाला हात लावला नाही. दगड बाजूला झाले आणि एकेक गाडी सोडली. काकांची अँबॅसेडर पुढे गेली तेव्हा नितेश त्यांच्या शेजारी होता, आणि काकांनी वैशालीच्या गाडीकडे मान वळवली नाही.

आवडीने हर्षदला जाताना एवढंच सांगितलं, "आता आलास तर चालत ये. गाडी नको." ते रागाने होतं की मायेने, वैशालीला कळलं नाही. हर्षदलाही कळलं नसावं.

रांग मोडली होती. जो तो आपल्या वेगाने पेणकडे पळत होता. भिसे खिंडीतून वर चढताना वैशालीच्या मनात काकांचं एकेक उपकाराचं काम यायला लागलं, आणि प्रत्येकापाशी ती अडखळायला लागली. वडिलांची गाडी त्यांनी का वाचवली, शिकवायला आपल्यालाच का घेतलं, क्लबात पहिलं नाव आपलं का घातलं. त्यातलं बहुतेक खरंच असणार. पण कुठलं खरं, हे आता तिला सांगता येईना.

नागोठण्याच्या नाक्यावर जीप उभी दिसली. हर्षद टपरीशी चहा पीत होता, मातीचा डबा बोनेटवर. वैशाली गाडी कडेला लावून उतरली. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत आली होती, ते तिने कसंबसं म्हटलं. त्याने मान हलवली, पण मानलं असं काही दाखवलं नाही.

"एकदा मला येऊन विचारायचं होतं," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

त्याने विचार केला. "नाय," तो म्हणाला.

त्याने चहाचा घोट घेतला. मग हर्षदच म्हणाला, की ड्रोन उडत असतानाच त्याचे फोटो मोबाइलवर जातात ना? कार्ड फोडून काय उपयोग?

वैशालीला तो सबंध दिवस आठवला. माळावरून निघाल्यापासून वाडीपर्यंत नितेश मोबाइलमध्येच डोकं घालून होता. तिने मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं.

"मावशीला आजच सांगायला हवं," हर्षद म्हणाला. त्याने ग्लास ठेवला, डबा उचलून तिच्या हातात दिला. बाजारपेठेच्या मागे तिसरं घर, आई जागीच असेल, एवढं नेऊन द्या, म्हणाला. मी कुठे गेलो ते तिला सांगा, आणि तुम्ही कोण तेही खरं सांगा.

जीप वळवून तो पुन्हा रोह्याकडे निघाला. वैशाली डबा दोन्ही हातांत धरून बाजारपेठेच्या गल्लीत शिरली आणि हर्षदच्या आईचं घर विचारायला लागली. पहिल्या दुकानदाराने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि उलट विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"