सर्जेरावाच्या पाठीवरची थाळी

मांडवगण फराट्याच्या पुढं, नदीकाठच्या चिंचेखाली दर आमवशेला एवढी माणसं जमायची की चपला काढायला जागा उरायची नाही. ट्रॉल्या भरून यायच्या. मधोमध सर्जेराव, उघडाबंब, अंगाला भस्म फासलेला; त्याच्यापुढं पाठ वाकवून बसलेला रोगी. सर्जेराव काशाच्या थाळीवर पाणी शिंपडायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि ती उघड्या पाठीवर दाबायचा. थाळी चिकटायची! हात काढला तरी पडायची नाही. बाया हात जोडायच्या. पाच-दहा मिनिटांनी ती आपोआप खाली पडली की सर्जेराव ओरडायचा, "उतारलं ईख!"

मी तिथं गेले त्या दिवशीही त्याची जीभ जोरात होती. भाजी विकावी तसे तो रोग विकत होता. "कावीळ या, फिट या, लकवा या, मुतखडा या, पिसाळल्यालं कुत्रं या! नावं धा हायती, पर ईख येकच. थाळी वढून घेती. फकस्त सुई टोचून घ्यायची न्हाई. सुई टोचली का थाळी कोपती, मंग मला बोल लावायचा न्हाई!"

हे सुईचं वाक्य मी आधीही ऐकलं होतं.

संपत माझा धाकटा भाऊ. कुरकुंभला केमिकल कंपनीत कामाला होता. शहाण्णव साली सायकलवरून शिफ्टला जाताना कुत्रं त्याच्या पोटरीला चावलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. त्याला धास्ती वाटली. तो याच सर्जेरावाकडं गेला, थाळी चिकटली, पडली, आणि संपत हसत घरी आला. जखमही भरली. अडीच महिन्यांनी त्या भरल्या जागेला मुंग्या यायला लागल्या, ताप भरला. मग पाण्याचा तांब्या दिसला तरी त्याचं नरडं आवळायचं. पंख्याचं वारं सोसेना. जीभ कोरडी ठक्क, मी तांब्या घेऊन उभी, आणि तो हातानंच सांगायचा, लांब ने. तिसऱ्या दिवशी गेला. एकदा ही लक्षणं दिसली की डॉक्टरांच्याही हातात काही उरत नाही. जे करायचं ते कुत्रं चावल्याबरोबर करायचं असतं.

सर्जेराव दहाव्याला आला होता. म्हणाला, "गपचिप सुई घेतली आसंल त्यानं." त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाला मी सोडणार नाही.

दोन वर्षांनी, नेमक्या आमवशेच्या सकाळी, माझ्या सोनमला कुत्रं चावलं. चार वर्षांची पोर, अनोळखी कुत्र्याला भाकरी द्यायला गेली. मनगटावर दोन दात रुतले. मी तिचा हात साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरला. ती हंबरडा फोडत होती, मी तिच्या कपाळाचे मुके घेत होते, पण पाणी थांबवलं नाही. मग दौंडच्या दवाखान्यात न्यायला उचललं, तर सासूबाई, वच्छलाबाई, दारात आडव्या.

"येवढ्याशा पोटात चौदा सुया? आधी थाळी लावू."

"आत्या, थाळी लावल्यावर सुई नको म्हणतो ना तो?"

"मंग सुई नगंच!"

सोनमचे वडील पहिल्या पाळीला गेलेले. घरात शेवटचा शब्द सासऱ्यांचा. तात्याबा, आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. मी त्यांनाच विचारलं, "मामा, तुम्हाला कधी कुत्रं चावलंय?"

"मला? समदा जल्म कुत्र्यांत गेला. येक दात लागला न्हाई."

"मग तुमच्या पाठीला थाळी चिकटली तर?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "तर थाळी खोटी. मंग तू म्हणशील तिथं न्हिऊ पोरीला."

अशी आमची जीप चिंचेखाली आली. सोनमला कडेवर घेऊन मी पुढंच उभी राहिले. मामा सदरा काढून सर्जेरावापुढं बसले. "लाव."

थाळी चिकटली. "लई ईख हाय, म्हातारबा!"

"आरं, पर मला कुत्रं चावलंच न्हाई," मामा वाकल्या वाकल्या म्हणाले. "पोरीला चावलंय."

माणसं हसली. सर्जेराव गडबडला, पण सावरला. "मागल्या जल्मी चावलं आसंल."

"मागल्या जल्मी चावणारं तूच व्हतास का रं?" मागून साखरबाई नावाची एक म्हातारी ओरडली.

मामा ताठ झाले तशी थाळी खण्णकन पडली. मी म्हणाले, "मामा, आता ह्यांच्या पाठीला लावा."

सर्जेराव उठायला गेला. पण कातरणीला मेंढा धरावा तसा मामांनी त्याला मानगुटीला धरून वाकवला, थाळी ओली केली, आणि दाबली. हात काढला. थाळी सर्जेरावाच्या पाठीवर! तो हात मागं नेतोय, हात पोचत नाही, वळवळतोय.

"काढा रं! काढा!"

"मंत्र म्हणा की महाराज," मी म्हणाले. "तुम्हाला कुठलं कुत्रं चावलं? आणि सुई घेऊ नका बरं, थाळी कोपते. मी संपतची बहीण. आठवतो का संपत?"

त्यानं मान वर केली नाही. मला ती वर करायला लावायची होती, पण कडेवर सोनम होती.

मला ही गोष्ट न्हाणीत कळली होती. सोनमला अंघोळ घालताना खेळता खेळता ओली थाळी तिच्या वाकल्या पाठीवर दाबली आणि ती चिकटून बसली. पोर खिदळली. मंत्र काऊ-चिऊचा! तेच मी तिथं जमलेल्या माणसांना सांगितलं. थाळी ओल्या पाठीवर दाबली की आतली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा तिला दाबून धरते. पाठ वाकलेली, म्हणून तिचा भारही पाठीवरच. पाणी वाळलं, माणूस हलला, हवा आत शिरली, की पडते. थाळीला विष कळत नाही, ओली पाठ तेवढी कळते.

"मंग ज्ये वाचलं त्ये?" कुणीतरी विचारलं.

"चावलेलं दर कुत्रं पिसाळलेलं नसतं, दादा. ते थाळीविनाही वाचले असते."

डोळे पिवळेजर्द झालेला एक माणूस रांगेत होता. त्याच्याकडं बघून मी सगळ्यांना सांगितलं. संपत गेल्यावर दौंडच्या डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून मी भंडावून सोडलं होतं, तेच. कावीळ बहुतेकदा घाण पाण्यातून येते, लिव्हर सुजतं, डोळे अन् लघवी पिवळी होते. फिट येते ती मेंदूतून. मेंदूतली रक्ताची नळी तुंबली किंवा फुटली की लकवा. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. मुतखडा मूत्रपिंडात धरतो, कळ कमरेतून जांघेत उतरते. ज्या रोगांची कारणंच वेगवेगळी, त्यांना एकच थाळी कशी पुरेल?

तो पिवळ्या डोळ्यांचा माणूस आमच्याच जीपमध्ये बसला. मागं सर्जेराव अनवाणी पळत होता आणि बाया खडे मारत होत्या. मी थांबवलं नाही त्यांना. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

दवाखान्यात सोनमला आत्यांनीच मांडीवर घेतलं. पहिली सुई टोचली तेव्हा पोरीपेक्षा त्याच जास्त रडल्या. "संपतला मीच म्हणलं व्हतं गं, थाळी लाव," एवढंच बोलल्या. मी त्यांचा हात धरला. माझा राग त्यांच्यावर कधीच नव्हता.

बायांनो, कुत्रं चावलं तर साबण, वाहतं पाणी आणि तडक दवाखाना. जो सुई घेऊ नको म्हणतो, त्याच्या दारात उभ्याही राहू नका. चौदा दिवस माझी सोनम रडली. रडणारं लेकरू घरी आणता येतं.