मी न वाजता जिंकलो

मी पुस्तकांच्या फडताळावरचा डावा स्पीकर बोलतोय. ‘बोलतोय’ हा शब्द माझ्या बाबतीत अतिशयोक्तीचा आहे. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. दुकानातले स्पीकर परवडेनात, तेव्हा त्याने मोडक्या कपाटाच्या फळ्या कापल्या आणि स्वस्तातले सुटे भाग आणले. फटी बुजवायला त्याने कवळीच्या हिरड्यांचेच गुलाबी द्रव्य वापरले. त्यामुळे मी कडेने आजही हसल्यासारखा दिसतो. पोटात जुन्या गादीचा कापूस ठासला. उजवा माझा जुळा भाऊ.

त्याच सुमारास मालकाच्या मेहुण्यानेही घरी एक जोडी बनवली आणि बहिणीकडे आणून ठेवली. फडताळ एक, जोड्या दोन. मालकीणबाईंनी जाहीर केले, “जी हरेल तिच्यात मी कांदे ठेवणार. ओट्याखाली मला दोन पेट्या हव्याच आहेत.”

तुलनेत पक्षपात नको म्हणून आम्हा चौघांना चादरीआड उभे केले. मालकाने एक फिरते बटण बनवले : एका बाजूला मेहुण्याची जोडी, दुसऱ्या बाजूला आम्ही. कोणती बाजू कोणाची, हे फक्त त्याला ठाऊक. परीक्षक तिघे : मालकीणबाई, मेहुणा आणि मैदानावर शिट्टी वाजवून निवृत्त झालेले शेजारचे काका.

गोची अशी, की बटणाची मूठ ढिली होती. मूठ फिरे, आतली दांडी जागची हलत नसे. सगळी गाणी मेहुण्याच्याच जोडीतून वाजली. आम्ही दोघे चादरीआड तोंड मिटून उभे.

“आता दोन नंबर,” म्हणत मालकाने मूठ फिरवली.

“हां, आता कसं मोकळं वाटलं,” काका म्हणाले. “मघाशी गाणारीला सर्दी होती.”

“मला तर तिचा श्वाससुद्धा ऐकू आला,” मालकीणबाई म्हणाल्या.

मेहुण्याने डोळे मिटले. “एक नंबरचा खर्ज फुगलाय. ज्याने बनवला त्याने घाई केली.”

आख्यायिका अशाच जन्मतात. पहिल्याला भास होतो, दुसरा त्यात तपशील भरतो, तिसरा कारण पुरवतो. मग पुराव्याची गरज कोणालाच उरत नाही.

चादर निघाली. एक नंबर आपलीच जोडी होती, हे मेहुण्याने पाहिले. “ताई, कांद्यांना खोकं आणून देतो,” एवढेच म्हणाला आणि ती काखोटीला मारून गेला.

मग मालकाने आम्हाला थेट तार जोडली. आयुष्यात प्रथमच माझा आवाज फुटला : रजईत तोंड खुपसून कोणी निरोप सांगावा तसा.

मालकीणबाई म्हणाल्या, “अहो, त्या वेळी वेगळं होतं.”

“जिंकल्यावर माणूसही जपूनच बोलतो,” काकांनी निर्वाळा दिला.

मालकाने बटण उचलले, तर मूठ हातात आली. त्याचा चेहरा उतरला. त्याने तडक मेहुण्याला फोन लावला.

“अरे, सगळा वेळ तुझीच जोडी वाजत होती. माझं बटणच फिरत नव्हतं.”

“भाऊजी, माझी समजूत काढायला खोटं कशाला? फरक मी या कानांनी ऐकलाय. आत्ताच गादी फाडून माझ्या डब्यांत कापूस भरला. तुमच्यासारखाच, ठासून.”

“आणि आता कसे वाजतात?”

“आवाज कमी येतो,” मेहुणा म्हणाला, “पण भारदस्त.”

तेव्हापासून मी फडताळावर मानाने बसलो आहे. पाहुणे मला बघून जातात. वाजव कोणी म्हणत नाही. धूळ पुसताना मालक माझ्याकडे पाहणे टाळतो. ओट्याखालचे खोके ओल लागून खचले आहे आणि कांदे घरभर गडगडतात.

माझी विनंती एवढीच : मला खाली उतरवा, पोटातला कापूस काढा आणि कांदे भरा. आणि त्या मेहुण्याला, तो ऐकेल अशा रीतीने कोणीतरी सांगा, की चादरीआड मी त्याच्या जोडीला अगदी खेटून उभा होतो. ती फार सुरेख वाजत होती.