गर्दी टाळून

“सगळे डावीकडून जातात, काका. तुम्ही उजवीकडून निघालात तर तळ्यापर्यंत चिटपाखरू भेटणार नाही,” राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. “फोनलाही रेंज नाही तिकडे.”

“म्हणूनच तर,” म्हणत ड्रायव्हरने गाडी उजवीकडे वळवली.

जन्मभर बस चालवलेला माणूस. गर्दी कधी कुठे उसळते, हे त्याला तोंडपाठ होतं. सकाळी सगळे धबधब्यावर लोटतात, दुपारी जेवायला बसतात आणि उन्हं कलली की तळ्यावर येतात. त्याने सगळं उलटं आखलं होतं.

“आईला घेऊन आडरानात कशाला, बाबा? आजूबाजूला चार माणसं असलेली बरी,” घरून निघताना लेक म्हणाली होती. तो तिच्यावरच उखडला. चार माणसांचा अनुभव त्याने घेतला होता. मागच्या महिन्यात भर बाजारात बायकोने एका परक्या माणसाचा दंड धरला आणि “चला ना घरी” म्हणाली. तो माणूस मित्रांकडे बघून हसला. ते हसणं ड्रायव्हरच्या जिव्हारी लागलं. तिचं विसरणं कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, हा तेव्हापासूनचा त्याचा हट्ट.

“किती छान रस्ता शोधलात हो,” शेजारी बसलेली बायको म्हणाली. त्याला गड जिंकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा म्हटलं, मग आणखी एकदा. दरवेळी तो नव्याने खूश झाल्याचं सोंग करत राहिला. झाडी दाटत गेली. समोरून एकही गाडी आली नाही.

तळ्याशी गाडी लावून त्याने डिकीतून चहाचा थर्मास काढला. पुढे येऊन पाहतो तर तिच्या बाजूचं दार उघडं आणि सीट रिकामी. दाराबाहेर तिच्या चपला, घरात शिरताना काढाव्यात तशा नीट काढलेल्या.

“अगं ए!”

उत्तर नाही. तो काठापर्यंत धावला. उतार निसरडा होता, पाणी काळं आणि अगदी स्थिर. कुणाला विचारणार? या क्षणी त्याला ते हसणारं टोळकंसुद्धा चाललं असतं. पण संध्याकाळपर्यंत इथे कुणी फिरकणार नव्हतं. तशी काळजी त्याने स्वतःच घेतली होती.

तो धावत गाडीशी परतला. समोरच पाटी होती, हॉर्न वाजवू नये. नोकरीत असताना विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यांचा त्याला राग यायचा. स्वतः तो एकाच ठिकाणी वाजवायचा. शेवटची फेरी संपवून बस आगाराकडे नेताना, घराजवळच्या वळणावर, दोनदा. तो ऐकला की ती चहाचं आधण ठेवायची.

त्याने हॉर्न दोनदा दाबला. थांबला. पुन्हा दोनदा दाबला.

रस्त्यापलीकडची झुडपं हलली. ती बाहेर आली, अनवाणी, लगबगीने केस सारखे करत. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला पाहताच मात्र ती थबकली आणि अंग चोरून उभी राहिली.

“आमच्या ह्यांचा हॉर्न वाजला आत्ता,” ती म्हणाली. “तुम्ही पाहिलंत का त्यांना?”

दाराशी राहिलेल्या चपला उचलून त्याने वाकून तिच्या पायांशी ठेवल्या आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

“येतीलच ते. तुम्ही बसा तोवर.”

ती संकोचत मागे बसली आणि काचेतून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली.