‘नंतर पाहू’च्या रकान्यातलं बाळ

मित्रांनो, तुमच्यासारख्या कित्येकांना मी ते पायावर उभे राहण्याआधीपासून ओळखतो. मी बाळांच्या दवाखान्यातला एक जुना वजनकाटा. वर पसरट तबक, समोर पितळी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. तुम्ही माझ्यावर हात-पाय झाडलेत, मला ओलंही केलंत. मी कधी तक्रार केली नाही. आज मात्र करणार आहे.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझी दांडी सरळ राहीपर्यंत दिवसभर कानस चालवली होती. पुढची बावीस वर्षं मी सिस्टरच्या हाताखाली काढली. आया माझ्या आकड्याकडे बघतच नसत. सिस्टरचा चेहरा वाचत. तो हसला की तबकातलं बाळ उचलून घेत.

माझ्यात दोष नव्हते असं नाही. वीस ग्रॅमच्या खालचं मला दिसत नाही. सिस्टरना प्रत्येक आकडा हाताने लिहावा लागे, कागद हरवत, बाहेर आया तास तास ताटकळत. बदल हवाच होता, हे मला कबूल आहे.

म्हणून दवाखान्यात ‘नव्या वाटा’ नावाचा उपक्रम आला. बारा आठवडे, सहा टप्पे, आणि तो चालवायला एक साहेब. ते दर वाक्यात बारा आठवडे म्हणत, म्हणून झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्यांचं नाव ‘बाराआठवडे’ ठेवलं. मला वरच्या सभागृहात नेलं, अंगावर ‘जुनी पद्धत’ अशी चिठ्ठी डकवली आणि नमुना म्हणून टेबलावर मांडलं. बावीस वर्षांच्या सेवेचा हा सत्कार!

भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या. कुणीतरी लिहिलं, ‘बाळं हलतात, आकडे चुकतात.’ लगेच तोडगा निघाला: नव्या काट्यावर वजन मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं, तर ती चूक समजायची आणि मागचाच आकडा कायम ठेवायचा. टाळ्या पडल्या. सगळे टप्पे मिळून सिस्टरना अर्धाच तास वर बोलावलं होतं. त्यांनी एकच चिठ्ठी लावली, ‘आणि खरंच घटलं तर?’

साहेबांनी ती वाचली. “छान मुद्दा,” म्हणाले, आणि उचलून ‘नंतर पाहू’च्या रकान्यात चिकटवली. सिस्टरना वाटलं, पाहतील. कुणी पाहिलं नाही.

नवा काटा आला. माझी रवानगी खाली वजनाच्या खोलीच्या कोपऱ्यात झाली आणि माझ्या तबकात उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पडले. नव्या काट्याचा मला हेवा वाटला नाही. तो पाच ग्रॅमही ओळखतो. पण त्याला जे शिकवलं तेच तो बोलणार ना!

एक तरुण आई दर आठवड्याला बाळाला आणायची. नव्या काट्याच्या पडद्यावर तीन आठवडे तोच आकडा: चार किलो दोनशे.

“सिस्टर, याचे मोजे पायात राहत नाहीत हो आता,” ती म्हणाली. “झबलं पण सैल होतंय. घरी सगळे म्हणतात, तुला काळजी करायची सवयच आहे.”

“वाढला नाहीये, पण घटलेलाही नाही,” सिस्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. “मशीन दाखवतंय ना.”

बावीस वर्षं बाळाकडे बघणारी बाई पडद्याकडे बघत होती! मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

मावशी केर काढता काढता थांबल्या. “अहो, त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर ठेवा की एकदा. त्याला कुठं कुणी मन राखायला शिकवलंय?”

सिस्टरनी गठ्ठे खाली टाकले, मला पुसलं, दांडी शून्यावर आणली. बाळ तबकात आलं आणि सिस्टरनी दांडीवरचं वजन मागे, आणखी मागे सरकवलं. तीन किलो आठशे साठ!

सिस्टर बाळाला उचलून डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टरांनी त्याला लगेच दाखल करून घेतलं. दूध पोटात ठरतच नव्हतं. आणखी आठवडा गेला असता तर काय झालं असतं, ते मी सांगणार नाही.

साहेब धापा टाकत खाली आले. “पण तक्रार तीच होती ना, की आकडे चुकतात…”

“साहेब, बाळ घटतं तेव्हाच तर काटा लागतो,” सिस्टर म्हणाल्या. “सगळी वाढतच असती तर मोजली कशाला असती? आणि चूक माझीही आहे. मी विचारलं, पण धसास लावलं नाही.”

तो नियम त्याच दिवशी काढला. बाळ अकरा दिवस दवाखान्यात होतं. मग ते अंग धरू लागलं आणि आईच्या कडेवरून घरी गेलं. त्यानंतर साहेब तीन दिवस आमच्या खोलीत उभे राहिले. बाळं धरली, कपडे ओले करून घेतले, आयांचं ऐकलं. नवा काटा आता घटलेलं वजन लाल अक्षरांत दाखवतो. तिसऱ्या दिवशी साहेब कुरकुरले, “हे सगळं मला आधी कुणी का नाही सांगितलं?”

मावशी म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर शिकवत होतात.”

तीन दिवस, मित्रांनो! बारा आठवड्यांत तीन दिवस सापडू नयेत? मोठे झालात की तुम्हीही जुन्या जागी नवं आणाल. जरूर आणा. पण रोज ते काम करणाऱ्या माणसाशेजारी आधी उभे राहा. दवाखान्याने सांगायची गोष्ट एका आईला एकटीने ओळखावी लागली, याचा मला अजून राग येतो. तो तुम्हालाही यावा, एवढंच माझं मागणं आहे.