खांबाला भोक

रेश्मानं ड्रिलचं टोक माजघराच्या सागवानी खांबाला टेकवलं आणि ती थांबली. बाहेर ओसरीवर तिचे सासरे, नाथाजी, सांगलीहून आलेल्या आर्किटेक्चरच्या मुलांना घर समजावून सांगत होते. तुळया खांबांत कशा बसवल्यात, लाकडाला लाकडाच्याच खुंट्या कशा मारल्यात, एवढ्या सांगाड्याला लोखंडाचा खिळा म्हणून कसा लागलेला नाही. मुलं फोटो काढत होती.

फौजेतून आल्यापासून नाथाजींनी हे घर डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. दिवाळीआधी ते स्वतः शिडीवर चढून खांबांना जवसाचं तेल लावत. कुठं ओरखडा दिसला की घरभर चौकशी. लग्न होऊन आली तेव्हा रेश्मालाही त्याचं कौतुक वाटलं होतं.

मग सासूबाईंच्या, शालूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, उंबऱ्यापाशी धरायला दांडा बसवा. परसात जायचा उंबरा गुडघ्याएवढा, आणि न्हाणी-संडास त्याच्या पलीकडे. भिंत कच्च्या विटांची, तिथं स्क्रू धरेना. उरला उंबऱ्याला लागून असलेला खांब. नाथाजी म्हणाले, खांबाला हात लावायचा नाही. रेश्मानं समजावलं, चिडून सांगितलं, पठाणकोटला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला, जयराजला, फोन लावला. त्यानं 'आबांच्या कलानं घे' म्हणून विषय मिटवला.

परवा शालूबाई त्याच उंबऱ्यावर पालथ्या पडल्या. भुवईवर टाके पडले. नाथाजींनी आधी बायकोला उचललं, हे खरं. पण दवाखान्यातून आल्यावर उंबऱ्यावरचं रक्त पुसून त्यांनी तिथं तेलाचा हात फिरवला. ते रेश्मानं पाहिलं. कुपवाडला ती कामाला होती त्या वर्कशॉपमधून तिनं ड्रिल मागून आणलं, आणि दांड्यासाठी एक स्टीलचा पाइप.

तिनं बटण दाबलं. भुसा मनगटावर उडाला. बाहेरचं बोलणं तुटलं.

नाथाजी धावत आत आले तेव्हा दुसरं भोक पडत होतं. मुलं त्यांच्या मागं दारात गोळा झाली. नाथाजींनी वायर ओढली, ड्रिल बंद पडलं. किती पिढ्यांनी हे सांभाळलं, तुला काय अधिकार, असं ते ओरडत राहिले. रेश्मानं ऐकून घेतलं.

"मामा, आत्या पडल्या तवा तुमचा आवाज एवढा चढला न्हवता."

नाथाजींनी हातातली वायर मुठीत आवळली.

माजघरातल्या कॉटवरून शालूबाई वॉकर धरून उठल्या. त्या आता 'ऱ्हाऊ दे गं' म्हणणार, अशी रेश्माला भीती वाटली. आजवर त्यांनी नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता. नाथाजीही त्यांच्याकडंच बघत होते.

शालूबाई खांबापाशी आल्या. भोकाच्या कडेवरून बोट फिरवून त्यांनी भुसा टिपला, चिमटीत चोळला.

"ह्या मशीननं उंबरा कापतोय का?" त्यांनी रेश्माला विचारलं.

"न्हाई. त्याला करवत लागती."

"मग करवत आण."

"शालू," नाथाजी म्हणाले.

"आवं, पोरं खोळंबल्यात. त्यास्नी माडी दावा."

नाथाजी हलले नाहीत. शालूबाईंनी त्यांच्या मुठीतली वायर सोडवली आणि सुनेच्या हातात दिली.