मुऱ्हाळी

कबड्डीच्या नॅशनलहून सुवर्णपदक घेऊन आले तेव्हा गुडघा सुजला होता आणि मला फक्त झोपायचं होतं. पण झोपू देतील ते आपले लोक कसले!

सकाळी उल्हासनगरात पप्पांच्या सिंधी मंडळींनी शाल घातली. "अपनी सिंधी बच्ची है," असं माईकवर सांगितलं. लहानपणी हीच माणसं मला गाववाली म्हणायची, अंगाला सुकटीचा वास येतो म्हणायची. मी हसून फोटो दिले. हसायलाही ताकद लागते.

दुपारी घरी आले तर हरिचंद्रमामा बसलेले. पालेगावचे, आईचे सख्खे भाऊ. आईने सिंध्याशी लग्न केल्यापासून त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. आज सोबत गावातली चार माणसं होती आणि खाली बँजोवाले.

आईकडच्या आगरी लोकांत लेक माहेरी आपली आपण जात नाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला न्यायला येतो. माझ्या जन्माआधीपासून आई त्या मुऱ्हाळ्याची वाट बघत होती. मामा येणार कळल्यावर तिने माहेरी जायला जपून ठेवलेली हिरवी साडी सकाळीच काढून पलंगावर ठेवली होती.

"चल गो पोरी," मामा म्हणाले, "सगला गाव थांबलाय. कबड्डी आपले रगतान हाय."

"आणि आई?"

"ती येल ना पाठशी, रिक्षान."

आई चहाचे कप उचलत होती. तिचा हात थांबला. मला इतका संताप आला, पण ओरडायचंही त्राण नव्हतं.

"मामा, गावात कबड्डी आई खेळायची. तुम्ही नाही. माझ्या रक्तात आली ती तिच्याकडून. आधी तिला न्या, नाहीतर मी झोपते."

मामांनी सोबतच्या माणसांकडे पाहिलं. मग फरशीकडे बघत म्हणाले, "सखू, चल. न्यावाला आलूय."

एवढंच ऐकायला आईने अख्खं आयुष्य काढलं होतं. तिने कप खाली ठेवले.

"आज तू पोरीला न्यावाला आलास, दादा. मना न्यावाला येशील तवा एकटा ये."

मामा माणसांना घेऊन खाली उतरले. थोड्या वेळाने खालून गाड्या निघाल्याचा आवाज आला.

मी तिथेच आडवी झाले. आईने माझ्या गुडघ्यावर बर्फ ठेवला, साडीची घडी केली आणि कपाट उघडलं. इतकी वर्षं ती साडी तळाशी असायची. आज तिने ती सगळ्यात वर ठेवली.